बाबा, इथेही एक कुर्डुवाडी आहे

शिजियाझुआंग,
२६ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही दर वेळी विचारता, "गाव कसं आहे?" आणि मी दर वेळी "थंडी फार आहे" म्हणून मोकळी होते. निम्मं बोलणं तर लाइन तुटण्यातच जातं. आमच्यातले एक जण परवा पुण्याला परत निघालेत, त्यांच्याबरोबर हे पत्र देते. ते पोस्टात टाकतील.

शिजियाझुआंग हे नाव तुमच्या जिभेवर काही बसत नाही, पण अर्थ सोपा आहे. शी घराण्याची वाडी! हसू नका, कुर्डुवाडीशी नातं एवढ्यावर संपत नाही. आज हेबेई प्रांताची राजधानी असलेलं आणि आजूबाजूचे तालुके धरून एक कोटीच्या वर माणसांचं हे शहर विसावं शतक लागलं तेव्हा काही शे वस्तीचं खेडं होतं. बीजिंगहून दक्षिणेला हानखौकडे जाणारा लोहमार्ग त्याच्या शेजारून गेला, तेव्हा स्टेशनाला या खेड्याचं नावसुद्धा दिलं नाही, जवळच्या मोठ्या गावाचं दिलं. आपल्या कुर्डुवाडीला नाही का आधी 'बार्शी रोड' म्हणायचे, अगदी तसं.

पुढची गोष्ट खास तुमच्यासाठी. पश्चिमेला तायहांग डोंगर आहे आणि त्यापलीकडे शान्शी प्रांत, म्हणजे कोळशाचं कोठार. तो कोळसा खाली आणायला फ्रेंचांनी ताइयुआनपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरची लाइन बांधली, १९०७ मध्ये ती पुरी झाली. ती निघायची होती झेंगडिंगहून. झेंगडिंग म्हणजे इथलं जुनं, तटबंदीचं, मानाचं गाव. पण मध्ये हूथुओ नदी आडवी. पुलाचा खर्च वाचवायचा म्हणून लाइनीचं टोक नदीच्या अलीकडे, या खेड्यात आणलं. बरं, डोंगरातलं काम स्वस्तात व्हावं म्हणून ती मीटरगेज केली, म्हणजे दोन रुळांत अंतर एकच मीटर, आणि बीजिंगची मोठी लाइन होती चार फूट साडेआठ इंची. मग काय व्हायचं ते तुम्हाला मी सांगायला नको. या डब्यातून उतरव, त्या डब्यात चढव. हमाल आले, वखारी आल्या, खानावळी आल्या, आणि वाडीचं शहर झालं. आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद लाइनीनं जे केलं तेच. पुढे जपानी ताब्यात असताना ती लाइन मोठ्या गेजची केली गेली, पण तोवर गावानं मूळ धरलेलं होतं.

मला गंमत वाटते ती याची की जिथे पूल टाळला, तिथून चाळीसेक किलोमीटरवर झाओझोऊचा पूल उभा आहे. इसवी सन ६०५ च्या सुमाराचा, ली चुन नावाच्या गवंड्यानं बांधलेला. दगडाची एकच कमान, ३७ मीटरची. दोन्ही खांद्यांवर छोट्या कमानींची भोकं ठेवलीत, त्यातून पुराचं पाणी निघून जातं आणि पुलाचं वजनही हलकं होतं. चौदाशे वर्षं झाली. मागच्या रविवारी मी त्यावरून चालत गेले. त्यावर गाढवाच्या खुरांच्या खुणा दाखवतात. एक सिद्धपुरुष सूर्य-चंद्र झोळीत घालून गाढवावरून पूल ओलांडून गेला म्हणे. (गाढवावरून आठवलं. आई, इथे भाकरीत गाढवाचं मांस भरून मोठ्या हौसेनं खातात. मी नाही खाल्लं, काळजी करू नकोस.)

झेंगडिंग मात्र रेल्वे हुकल्यामुळे झेंगडिंगच राहिलं. तिथल्या लोंगशिंग मंदिरात एकवीस मीटर उंच ओतीव मूर्ती आहे बोधिसत्त्व अवलोकितेश्वराची, हजारेक वर्षांपूर्वीच्या सोंग राजांच्या काळातली. मान दुखेस्तोवर वर बघत उभी होते. खरं सांगू, शिजियाझुआंगपेक्षा मला तेच जास्त आवडलं. इथे बघायला कारखाने आणि रुंद रस्ते. हिवाळ्यात वारा पडला की धूर डोंगराला अडून राहतो, दुपारी चारलाच दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. घरात उकाडा असतो पण. १५ नोव्हेंबरला सबंध शहरात गरम पाण्याच्या नळांची ऊब सुरू होते, मार्चच्या मध्यापर्यंत.

आता आई, तुझं काम. जाऊन आले मी. जपानशी युद्ध चालू असताना चीनच्या मदतीला आलेल्या आपल्या डॉ. कोटणीसांची समाधी शहरातच आहे, हुतात्म्यांच्या दफनभूमीत. सोलापुरात भैय्या चौकातल्या त्यांच्या घरावरून आपण किती वेळा गेलो असू, आणि त्या घरातला माणूस इथे! इथे त्यांना 'कं दिहुआ' म्हणतात. शाळेची मुलं रांगेनं येऊन फुलं ठेवतात. खरं तर या शहरात त्यांनी काम केलंच नाही. शहर तेव्हा जपान्यांकडे होतं. कोटणीस वरच्या डोंगराळ गावांत, बेथून रुग्णालयाचे प्रमुख. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्मारानं गेले, वय ३२. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

ज्या कॅनेडियन डॉक्टर बेथून यांच्या नावाचं ते रुग्णालय, त्यांचीही समाधी इथेच आहे. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, विष अंगभर पसरलं आणि १९३९ मध्ये ते गेले. पेनिसिलिन हाताशी असतं तर? याच शहरातल्या मोठ्या कारखान्यात ते १९५८ मध्ये बनायला लागलं. मी दिवसभर अँटिबायोटिकच्याच नमुन्यांवर मान मोडते, म्हणून असेल, त्या समाधीपासून पाय निघेना.

९ तारखेला पुन्हा जाणार आहे. तुझ्या नावानंही फुलं ठेवीन. शेंगाचटणी संपत आली आहे, येणारं कुणी असलं तर पाव किलो तरी पाठव. आणि बाबा, एका गेजच्या डब्यातून दुसऱ्या गेजच्या डब्यात माल चढवणाऱ्या टोळीला तुम्ही वर्कशॉपात काय म्हणायचात, तो शब्द कळवा. इथल्या एका म्हाताऱ्या रेल्वेवाल्यानं मला त्यांचा सांगितला, आणि मला आपला आठवेना.

तुमची,
मनू