दारणेच्या संगमावरची माशांची वाट मोकळी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थाच्या तयारीमुळे गोदावरीचे घाट, पूल आणि मलजल प्रक्रिया केंद्रे यांच्याबद्दल रोज काही ना काही छापून येते. नदीत मासेही राहतात, याचा उल्लेख मात्र त्यात क्वचितच सापडतो. म्हणून निफाड तालुक्यात सांगवीजवळ जिथे दारणा गोदावरीला मिळते, त्या संगमाबद्दल हे पत्र. नाशिक रोड, भगूर, चांदोरी, सायखेडा या पट्ट्यात गळ टाकणाऱ्यांचे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे लाडके ठिकाण आहे.

ते लाडके का, हे पाण्यावरून कळते. खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा आहे. ‘रामसर’ या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत जानेवारी 2020 मध्ये जाहीर झालेले महाराष्ट्रातले पहिले ठिकाण तेच. हा फुगवटा माशांचे कोठार आहे. आर्द्रा नक्षत्राचा पाऊस इगतपुरीच्या डोंगरात बरसला आणि दारणेला तांबडे पाणी आले की या कोठारातले मासे चढणीला लागतात. नव्या पाण्याचा गारवा, वेग आणि मातीचा वास यांवर ते निघतात. शिवडा पाणी भरलेल्या उथळ, गवताळ काठाला अंडी घालतो. रोहू-मृगळाला वाहते पाणी लागते, त्यांची अंडी पाण्यात फुगतात आणि प्रवाहाबरोबर वाहत जातात. शहरातून आलेली गोदावरी आणि तांबडी दारणा मिळतात तिथे दोन रंगांची रेघ बऱ्याच अंतरापर्यंत वेगळी दिसते. जुने जाणते गळ टाकत ते या रेघेच्या दारणेकडच्या अंगाला, जिथे पाणी जरा संथ होते तिथे. जोराच्या धारेत मासा उभा राहत नाही. तो धारेच्या कडेला थांबतो आणि वाहून येणारे खाणे टिपतो.

वेळही ठरलेली. पूर चढत असताना काही लागत नाही, कारण पाण्यात काडीकचरा असतो आणि मासा काठाच्या गवतात शिरलेला असतो. पाणी ओसरू लागून गढूळ चहासारखे झाले की खरी वेळ. काठाच्या चिखलात काडी रोवायची. तासाभरात पाणी काडीपासून बोटभर खाली गेले की पूर ओसरू लागला असे समजावे. काडी बुडू लागली तर सामान उचलून वर यावे, धरणाचा विसर्ग वाढलेला असतो. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. हजारांनी क्यूसेक सुटतात तेव्हा खडकावर बसलेल्या माणसाच्या मागची वाट आधी बुडते.

शिवड्यासाठी 1/0 किंवा 2/0 नंबरचा गळ आणि भोक असलेले 25-30 ग्रॅमचे शिसे, जे तंगुसावर (गळाच्या नायलॉनच्या दोरीवर) सरकले पाहिजे. शिसे पक्के बांधले तर माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष थुंकतो. गळाजवळचा हातभर तंगूस जाड हवा, कारण शिवड्याचे दात बारीक असले तरी पातळ तंगूस कातरतात. वाम रात्री, खडीच्या तळावर, गांडुळावर लागतो. तो लागताक्षणी तळापासून उचलावा लागतो, नाहीतर दगडाखाली शिरतो आणि मग तंगूस तुटतो. कटला वरच्या थरात खातो, त्याला बुचाखाली दोन-तीन फुटांवर शेंगदाण्याची पेंड आणि भाजलेल्या डाळ्याचा गोळा पुरतो. मृगळासाठी तोच गोळा तळाला टेकवावा.

मरळीबद्दल थोडे जास्त लिहिणे भाग आहे. पावसाळ्यात काठाच्या पाणगवतात नारिंगी-तांबूस पिल्लांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागाशी बुडबुड्यांसारखा हलताना दिसतो. त्याच्या खाली हातभर अंतरावर आई-बाप राखणीला असतात. थव्यासमोरून बेडूक ओढला तर मरळ हमखास झडप घालते. भूक नसतानाही घालते, कारण तिला तो पिल्लांचा शत्रू वाटतो. अशी मरळ गळाला लावणे सोपे आहे आणि म्हणूनच ते करू नये. राखण गेली की तो थवा फार टिकत नाही, इतर मासे आणि बगळे तो संपवतात. दिवाळीनंतर मरळ धरावी.

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर स्टीलहेड हा समुद्रातून नदीत चढणारा ट्राउट आहे. तो चढतो त्या नद्यांच्या काठावरही अशाच लाडक्या जागा आणि अशीच पाण्याच्या रंगावर ठरणारी वेळ असते. तिथे उबवणी केंद्रात वाढवलेल्या पिल्लांच्या पाठीवरचा शेपटीजवळचा मांसल छोटा पर कापतात. अनेक नद्यांत पर कापलेला मासा घरी न्यायचा आणि अख्ख्या पराचा जंगली मासा सोडून द्यायचा, असा नियम आहे. तिथल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवरची दोन धरणे 2011 ते 2014 दरम्यान काढली आणि स्टीलहेड वरच्या पात्रात परत चढू लागला. दारणा धरण 1916 पासून नाशिक आणि नगरच्या शेतीला पाणी देते, ते काढा असे कोणी म्हणणार नाही. पण धरणाच्या खाली जी वाट उरली आहे ती तरी तोडू नये.

ती तुटते तीन ठिकाणी. पहिले, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. त्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी निघाले तर मासा दरवाजातून सरळ वर जातो. आर्द्रा उलटून गेल्यावर निघाले तर तो भिंतीखाली गोळा होतो आणि तिथेच जाळ्यांनी साफ होतो. बर्गे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात निघावेत आणि बंधाऱ्याखालच्या शंभर मीटरांत जुलैअखेर जाळे लागू नये. पक्क्या भिंतीच्या लहान बंधाऱ्यांना एका अंगाला दगडगोट्यांचा उतार घालता येतो. उभी एक फूट चढण असेल तर आडवे वीस फूट अंतर हवे, उतार त्याहून तीव्र झाला तर लहान मासा थकून परत वाहतो.

दुसरे, पानवेली, म्हणजे जलपर्णी. सायखेड्याच्या पुलाला दरवर्षी त्या अडकतात तेव्हा बातमी होते. खालच्या पाण्याला ऊन मिळत नाही, कुजणारा पाला प्राणवायू ओढून घेतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसतात. पानवेली हिवाळ्यात, पाणी संथ असताना काढाव्यात आणि काठावर ढीग न ठेवता शेतात खताला न्याव्यात. काठावर ठेवलेला ढीग पहिल्या पुरात पुन्हा नदीत जातो, आणि खर्च मात्र दरवर्षी दाखवला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

तिसरे, सुशोभीकरण. संगमाचे खडक, गोट्यांची थडी आणि करंज-बाभळीची मुळे हीच वामीची आणि मरळीची घरे. रामकुंडाच्या तळाच्या काँक्रिटचा वाद नाशिककरांनी अनुभवला आहे. सांगवीला घाट हवा असेल तर तो गावाच्या बाजूला व्हावा, दारणेच्या मुखावर नको.

सुरुंग आणि विष यांनी मासे मारण्यावर 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे. ती पाळली जाते की नाही हे पाहायला जूनमध्ये तरी रात्रीची गस्त हवी. गळ टाकणाऱ्यांनीही जुलैअखेर अंड्यांनी पोट फुगलेली मादी सोडून द्यावी. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून बसवला तर मासा पाण्यातच, हात न लावता सुटतो. हात लावावाच लागला तर तो आधी ओला करावा, कोरड्या हाताने माशाचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते.

आपले,
दारणाकाठचे गळ टाकणारे वाचक, नाशिक रोड