‘उघडायचं का?’ हा प्रश्न प्रश्नावलीतून काढ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या विभागाच्या साथ-आराखड्यातला जनमताचा भाग वाचला. पुढची साथ येण्याआधीच प्रश्नावली तयार ठेवायची, ही कल्पना फार चांगली आहे. साथ ऐन भरात असताना एकेक शब्द तोलून बघायला कुणाला उसंत नसते. पण पहिलाच प्रश्न खटकला: ‘निर्बंध शिथिल करावेत का? हो / नाही.’ तो काढच.

‘नाही’ म्हणणाऱ्या बाईला शाळा उद्याच सुरू व्हायला हव्या असतील, फक्त मोठे समारंभ नको असतील. ‘हो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला दुकान उघडायचं असेल, पण मास्कची सक्ती राहावी असंही वाटत असेल. दोघांचं मत जवळपास एकच, आणि तुझ्या तक्त्यात मात्र ती दोघं एकमेकांच्या विरोधात. त्या एका आकड्यावर कुणी निर्णय घेतला, तर तो दोघांनाही नको असलेला निघू शकतो.

त्याऐवजी प्रत्येक निर्बंध सुटा विचार: शाळा, बाजारपेठ, कामाची ठिकाणं, प्रवास, लग्नसमारंभ, अंत्यविधी, प्रार्थनास्थळं, रुग्णाला भेटायला जाणं, मास्क. प्रत्येकाला पर्याय तीन: आहे तसाच ठेवावा, अटींसह सैल करावा, पूर्ण काढावा. ‘सांगता येत नाही’ हा चौथा पर्याय वाचून दाखवू नकोस, पण कुणी तसं म्हटलं तर नोंदव आणि अहवालात छाप. साथीत ती मंडळी थोडी नसतात. फोनवर एका दमात नऊ बाबी विचारल्या की सहाव्या-सातव्यापासून माणूस ‘तेच, तेच’ म्हणू लागतो. म्हणून प्रत्येकाला नऊपैकी कुठल्याही पाचच विचार, क्रम दरवेळी बदलून. 1200 जणांशी बोललास तर एका बाबीवर सुमारे 667 उत्तरं मिळतात, म्हणजे चुकीची मर्यादा (खरं प्रमाण आपल्या आकड्याच्या किती वर-खाली असू शकतं ते) अधिक-उणे 3.8 टक्के. तेवढ्यावर काम भागतं.

शब्दांचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. ‘परवानगी द्यावी का’ आणि ‘बंदी घालावी का’ हे व्यवहारात एकाच नाण्याचे दोन चेहरे, पण उत्तरं वेगळी येतात. अमेरिकेत जनमताचे अभ्यासक डॉनल्ड रग यांनी 1941 साली हे दाखवून दिलं. लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी देऊ नये’ म्हणणारे 62 टक्के होते, तर त्यांच्यावर ‘बंदी घालावी’ म्हणणारे 46 टक्केच. बंदी हा शब्द कठोर वाटतो, त्यामुळे लोक बिचकतात. तुझ्या मसुद्यात शाळांसाठी ‘परवानगी’ आणि समारंभांसाठी ‘बंदी’ असं लिहिलंय. या दोन उत्तरांची तुलना करताच येणार नाही. ‘सुरू’ आणि ‘बंद’ हे साधे शब्द सगळीकडे वापर.

आकडे मांडण्याचंही तसंच. ट्वेर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांचा 1981 चा प्रयोग साथीवरच बेतलेला होता. 600 जणांच्या जिवाला धोका. ‘200 नक्की वाचतील’ असं मांडल्यावर 72 टक्क्यांनी तो खात्रीचा मार्ग निवडला. तीच गोष्ट ‘400 नक्की मरतील’ अशी मांडल्यावर 78 टक्के लोक जुगाराच्या, म्हणजे ‘एकतर सगळे वाचतील, नाहीतर सगळे मरतील’ अशा पर्यायाकडे वळले. म्हणून प्रश्नाच्या आधी धोक्याची माहिती द्यायचीच असेल, तर अर्ध्या लोकांना ‘100 पैकी इतके बरे होतात’ आणि अर्ध्यांना ‘100 पैकी इतके दगावतात’ असं सांग. दोन गटांच्या उत्तरांत मोठी तफावत आली तर ते मत अजून पक्कं झालेलं नाही, हे अहवालात स्पष्ट लिही.

‘किती रुग्ण उरल्यावर उघडावं?’ हा प्रश्नही नको. सामान्य माणसाच्या मनात रुग्णसंख्येची मोजपट्टी नसते, तो कालच्या बातमीतला आकडा सांगतो. परिस्थिती दे. मे 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलं होतं की तपासण्यांपैकी बाधित निघण्याचं प्रमाण किमान दोन आठवडे 5 टक्क्यांखाली असावं. हे साध्या भाषेत विचारता येतं: ‘100 तपासण्यांमागे 5 पेक्षा कमी बाधित, आणि असे सलग दोन आठवडे गेले, तर?’ मग रुग्णालयात खाटा मोकळ्या असतील तर, घरातल्या वृद्धांचं लसीकरण झालं असेल तर. कोणत्या अटीवर किती माणसं ‘ठेवावा’कडून ‘सैल करावा’कडे सरकतात, ते निर्णय घेणाऱ्याला सगळ्यात उपयोगी पडतं.

आणि तुझ्या मसुद्यात मुळीच नसलेला प्रश्न: रुग्ण पुन्हा वाढले तर हाच निर्बंध परत लावलेला चालेल का? फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत 21 नोव्हेंबर 1918 ला दुपारी बारा वाजता मास्क उतरवायची परवानगी मिळाली. फ्लू पुन्हा वाढला, 17 जानेवारी 1919 पासून मास्क परत सक्तीचे झाले, आणि या वेळी चक्क मास्कविरोधी संघटना उभी राहिली. 1 फेब्रुवारीला सक्ती उठवावी लागली. एकदा सुटका झाली असं वाटल्यावर तोच नियम दुप्पट जड वाटतो. म्हणून ‘सैल करावा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न लगेच पुढे विचारला जावा. यात ‘चालणार नाही’ फार आले तर एकदम सगळं उघडण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने उघडणं शहाणपणाचं, असं माझं ठाम मत आहे.

आता कोणाला विचारायचं. ऑनलाइन सर्वेक्षण स्वस्त आणि झटपट होतं, पण त्यात म्हातारी माणसं, रोजंदारीवरचे कामगार आणि स्वतःचा फोन नसलेल्या बायका गळतात. म्हाताऱ्यांना आजाराचा धोका जास्त, कामगारांचा रोजगार आधी जातो. दोघांचंही मत नाही म्हटल्यावर उरलं काय? समज, लोकसंख्येत साठीपुढचे 15 टक्के आणि नमुन्यात 6 टक्के, तर त्यांच्या प्रत्येक उत्तराला 2.5 भार द्यावा लागेल, म्हणजे एक उत्तर अडीच उत्तरांइतकं मोजावं लागेल. भार दिला की आकडा सावरतो, पण खात्री घटते. असा भार अनेक गटांना द्यावा लागला तर 1200 चा नमुना 800 इतकाच कामाचा उरू शकतो. आणि जो गट नमुन्यात आलाच नाही, त्याला कितीही भार दिला तरी शून्यच. फोन, आणि शक्य तिथे प्रत्यक्ष भेट, याला पर्याय नाही.

शेवटी तीन छोटे प्रश्न विसरू नकोस: गेल्या महिन्यात घरचं उत्पन्न घटलं का, घरात साठीपुढचं किंवा दीर्घ आजार असलेलं कुणी आहे का, आणि काम घरून करता येतं का. अनेक घरांत पहिल्या दोन्ही प्रश्नांना उत्तर ‘हो’ असतं. पोटाची काळजी आणि आईच्या जिवाची काळजी एकाच माणसाला असते. त्याला ‘उघडा’वाला किंवा ‘बंद’वाला ठरवणं अन्यायाचं आहे.

मत आणि वागणं वेगळं, तेव्हा नियम किती पाळले हे गेल्या आठवड्यापुरतंच विचार. त्याआधी एक वाक्य असावं: ‘काहींना कामामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे नियम पाळणं जमलं नाही.’ त्याशिवाय बरेच जण खरं बोलत नाहीत.

दर पंधरा दिवसांनी तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचार. एखादा शब्द बदलायचाच असेल तर एका फेरीत अर्ध्यांना जुना, अर्ध्यांना नवा. अहवालावर मुलाखतींच्या तारखा आणि त्या दिवसांतलं बाधितांचं प्रमाण छापायला हवं. कोविडच्या सुरुवातीच्या प्रकारात लागण ते लक्षणं यात सरासरी पाच-सहा दिवस जात, मृत्यूंचे आकडे त्यानंतर आणखी आठवड्यांनी दिसत. आज लोक ज्याला घाबरतात ती बरीचशी मागची परिस्थिती असते. आणि 1000-1000 जणांच्या दोन फेऱ्यांत 3 टक्क्यांचा फरक दिसला तर त्याला ‘मत बदललं’ म्हणू नये. तिथे साधारण 4.4 टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही येतो.

सुधारलेला मसुदा आधी वीस-तीस जणांना मोठ्याने वाचून दाखव. त्यात निम्मे तरी कमी शिकलेले असू देत. जिथे माणूस ‘म्हणजे?’ म्हणेल तिथे खूण कर, आणि त्या खुणांसकट कागद मला पाठव.

तुझा मित्र