कोंकच्या आजींना पत्र

प्रिय आजी,

तोंडावर ‘मादाम’ म्हणायचे, मनात मात्र पहिल्या संध्याकाळपासून आजीच.

फ्रान्समधल्या यात्रेकरूंच्या वाटेने ल प्युईपासून सुमारे 200 किलोमीटर धड चालत आले आणि कोंकच्या तोंडाशी, त्या खडबडीत उतारावर ओल्या दगडावरून पाय घसरला. तुम्ही चेस्टनटची टोपली खाली ठेवलीत, माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतलीत. कोण, कुठली, काही विचारलं नाहीत. एका रात्रीचा मुक्काम चार दिवसांचा झाला. त्याबद्दल आभार आहेतच, पण त्याहून जास्त तुम्ही गाव दाखवलंत त्याबद्दल.

हातात काठी देऊन तुम्ही मला सेंत-फ्वा या कोवळ्या वयात हुतात्मा झालेल्या संत मुलीच्या चर्चच्या दारासमोर बसवलंत. दारावर अंतिम निवाड्याचं शिल्प, 124 आकृत्या, मी स्वर्ग-नरकात हरवलेली. तुमचं बोट मात्र कमानीच्या कडेला. तिथे दगडी पट्टीआडून चिमुकले चेहरे डोकावतात, बोटांनी पट्टी घट्ट धरलेली, डोळे आणि नाक तेवढं बाहेर. मी एकटी असते तर फोटो काढून निघून गेले असते.

आतल्या 104 खिडक्यांच्या काचा बिनरंगी, जवळच्याच रोदेझचे चित्रकार पिएर सुलाज यांनी केलेल्या, 1994 मध्ये बसवलेल्या. खरं सांगते, आधी हिरमुसले. ‘बस जरा,’ म्हणालात. ऊन कलत गेलं तशी निळसर काच हळूहळू मधाच्या रंगाची झाली. आपण दोघी तासभर बोललो नाही.

रात्री सूप वाढताना तुम्ही सांगितलंत, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात सोनं वितळवायला नेतील म्हणून गावाने मठाचा खजिना घराघरांत लपवला आणि पुढे परत आणून दिला. दुसऱ्या दिवशी सेंत-फ्वाची सोन्याने मढवलेली मूर्ती पाहिली, तेव्हा ती मला देवळातली वाटलीच नाही. कुणीतरी घरात जपलेली लेक वाटली.

निघाले त्या सकाळी दरीत धुकं होतं. दुर्दू नदीवरचा जुना पूल ओलांडून रानातला चढ चढले. मागे वळले तर पातळ दगडांची छपरं धुक्यातून वर येत होती, माशाच्या खवल्यांसारखी. वाटेतल्या छोट्या प्रार्थनाघरापाशी, चॅपलपाशी, थांबून घंटा वाजवली. तीनदा, तुम्ही सांगितलं होतंत तशी.

खिडकी उघडी ठेवीन म्हणाला होतात. ऐकू आली का?

तुमची,
चार दिवसांची पाहुणी