बालीची मंदिर-बाजार सहल दुकानांत घालवल्याबद्दल तक्रार आणि परताव्याची मागणी

डोंबिवली (पूर्व)
दिनांक : ८ डिसेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : २२ नोव्हेंबर २०२५ रोजीच्या बालीतील एकदिवसीय सहलीत कबूल केलेली ठिकाणं, वेळ आणि गाईड न दिल्याबद्दल.

महोदय,

आपल्या कंपनीकडून आम्ही पाच जणांनी, म्हणजे मी, माझी पत्नी, दोन मुलं आणि माझी आई (वय ६९), बालीचं पाच रात्रींचं पॅकेज घेतलं होतं. हॉटेल चांगलं होतं, विमानतळावर गाडी वेळेवर आली, उलुवातूच्या देवळाचा दिवसही ठरल्याप्रमाणे झाला. बाली सरकारचा माणशी १,५०,००० इंडोनेशियन रुपियांचा पर्यटक कर आम्हाला वेगळा भरावा लागला, त्याबद्दलही माझं काही म्हणणं नाही, तो आपल्या हातातला नाही. माझी तक्रार एकाच दिवसाची आहे. पण आम्ही बालीला गेलो होतो ते त्याच दिवसासाठी.

वडिलांना जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध होईपर्यंत आई घराबाहेर फारशी पडलीच नाही. आपल्या ठाण्याच्या ऑफिसात आम्ही सहज चौकशीला गेलो असताना तिथल्या मॅडमनी तिला तिर्ता एम्पुल या झऱ्याच्या देवळाचा फोटो दाखवला. दगडी कुंड, भिंतीतून पडणाऱ्या धारा, कमरेइतक्या पाण्यात हात जोडून उभे असलेले लोक. त्या म्हणाल्या, "काकू, इथे तुम्हाला स्नान करता येईल. विधी काय, कसा, ते सगळं गाईड समजावून सांगेल." आई म्हणाली, "तिर्ता म्हणजे आपलं तीर्थच ना?" आणि जायचं ठरलं. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण त्या दिवशी काय बिघडलं हे नुसत्या वेळापत्रकावरून आपल्याला कळणार नाही.

आपल्या छापील कार्यक्रमात असं होतं : सकाळी ७ ला हॉटेलातून निघणं, ८.३० ला उबुदचा सकाळचा बाजार, १० वाजता गोआ गजाह (गुहेतलं देऊळ), ११.३० ला गुनुंग कावी (खडकात कोरलेली देवळं), मग जेवण, २ वाजता तिर्ता एम्पुल (दीड तास), परतीच्या वाटेवर सुकावतीचा बाजार. हिंदी बोलणारा परवानाधारक गाईड दिवसभर सोबत. सर्व प्रवेश शुल्क समाविष्ट. यासाठी आपण बिलात माणशी ५,२०० रुपये, एकूण २६,००० रुपये वेगळे लावले आहेत.

प्रत्यक्षात गाडी ८.२० ला आली. गाडीत गाईड नव्हता, फक्त ड्रायव्हर होता. आपल्या स्थानिक प्रतिनिधीला फोन केला, तर "ड्रायव्हर हाच गाईड आहे" असं उत्तर मिळालं. ड्रायव्हरला हिंदी अजिबात येत नव्हतं, इंग्रजी कामापुरतं येत होतं.

तिथून पुढे बाटिक कापडाच्या दुकानात ४५ मिनिटं, चेलुक गावात चांदीच्या दुकानात ४० मिनिटं, मास गावात लाकडी मूर्तींच्या दुकानात ३५ मिनिटं. दुपारी लुवाक कॉफीच्या (उदमांजराच्या पोटातून गेलेल्या बियांच्या कॉफीच्या) बागेत ५० मिनिटं. यातलं एकही ठिकाण आपल्या कार्यक्रमात नाही. एकाही ठिकाणी आम्ही थांबायला सांगितलं नव्हतं. चांदीच्या दुकानात आम्ही लगेच बाहेर आलो, तेव्हा ड्रायव्हरने हात जोडून आणखी थोडा वेळ आत थांबायची विनंती केली. दुकानाचा शिक्का असलेली चिठ्ठी त्याला संध्याकाळी ऑफिसात जमा करावी लागते, आणि गिऱ्हाईक लवकर बाहेर पडलं तर शिक्का मिळत नाही, असं तो म्हणाला. हे सांगताना तो आमच्याकडे बघत नव्हता.

म्हणून आधीच लिहितो : या तक्रारीवरून त्या ड्रायव्हरवर कारवाई करू नये. त्याने दिवसभर गाडी जपून चालवली, आईला प्रत्येक वेळी हात देऊन उतरवलं. सकाळी त्याने गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला नैवेद्य आईने पाहिला. नारळाच्या झावळीची विणलेली चार बोटांची चौकोनी परडी होती, त्यात पांढरं, लाल, पिवळं, निळं अशी फुलं वेगवेगळ्या कोपऱ्यांत मांडलेली, वर एक अगरबत्ती. आईने खुणेने विचारलं तेव्हा तो "चानांग" एवढंच म्हणाला आणि हसला. फुलांचे रंग दिशांप्रमाणे ठेवतात, पूर्वेला पांढरं, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं, हे आम्हाला दोन दिवसांनी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं. त्याला भाषा येत असती तर त्यानेही सांगितलं असतं. त्याचं काम गाडी चालवण्याचं होतं, आणि ते त्याने नीट केलं. गाईड आपण दिला नाहीत.

उबुदच्या बाजाराबद्दल. तो सकाळचा बाजार आहे, आणि आपणही तो ८.३० ला ठेवला होता. भाजी, फळं, तांदळाचे गोड पदार्थ, पूजेची फुलं, विणलेल्या परड्या हे सगळं पहाटेपासून विकलं जातं, आणि ऊन चढायच्या आत बायका गाशा गुंडाळतात. आम्ही पोहोचलो दुपारी १.१५ ला. तोवर तिथे पिशव्या, टोप्या, चुंबकं आणि छापील कुडते उरले होते. एका पायरीवर झावळीचे कातरलेले तुकडे आणि चुरगळलेल्या झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या, त्यावरून सकाळी इथे काय असेल याचा अंदाज आला. आई दादरच्या फुलबाजारात चाळीस वर्षं जाते आहे. तिला तिथल्या बायका फुलं कशा मांडतात, कशा मोजून देतात ते पाहायचं होतं. सुकावतीचा बाजार तर "वेळ नाही" म्हणून गाळलाच.

गोआ गजाहला आम्हाला २० मिनिटं मिळाली. ड्रायव्हर पार्किंगमध्येच थांबला. खडकात कोरलेल्या त्या अक्राळविक्राळ मुखातून आत गेल्यावर एका टोकाला गणपती आहे आणि दुसऱ्या टोकाला एकाच बैठकीवर तीन शिवलिंगं. आई तिथे बराच वेळ उभी राहिली आणि तीनच का, हे तिने मला विचारलं. मला माहीत नव्हतं. बाहेरचं कुंड, ज्यात दगडी मूर्तींच्या हातांतल्या भांड्यांतून पाणी पडतं, ते १९५४ मध्ये उत्खनन होईपर्यंत मातीखाली गाडलेलं होतं, हेही मी डोंबिवलीला परत आल्यावर वाचलं.

गुनुंग कावी पूर्णच रद्द केलं. कारण सांगितलं, "तीनशे पायऱ्या आहेत, आजींना जमणार नाही." आईला कोणी विचारलं नाही. ती वणीचा गड पायऱ्यांनी चढलेली आहे. पाकेरिसान नदीच्या दोन्ही काठांवर अकराव्या शतकात अखंड खडकात कोरलेली दहा देवळं तिथे आहेत, प्रत्येक साधारण सात मीटर उंच. वेरूळ पाहिलेल्या माणसाला हे का बघायचं असतं ते वेगळं सांगायला नको. आणि हे ठिकाण तिर्ता एम्पुलच्या अगदी जवळ आहे. लांब पडतं असंही म्हणता येणार नाही. तासभर कॉफीच्या बागेत गेला होता, एवढंच.

आता तिर्ता एम्पुल. २ वाजता पोहोचायचं होतं, पोहोचलो ४.२० ला. दीड तासाऐवजी ३५ मिनिटं मिळाली, त्यात तिकिटाची रांग, सारोंग (कमरेचं वस्त्र) गुंडाळणं आणि कपडे बदलणं आलंच. तिकिटं आपल्या दरात समाविष्ट असूनही आम्हीच रोखीने काढली.

आईने तरीही स्नान करायचं ठरवलं. तिथला क्रम आम्हाला कोणी सांगितला नव्हता. लोक एका धारेपाशी रांगेने उभे होते, हात जोडत होते, डोकं पाण्याखाली धरत होते आणि मग पुढच्या धारेकडे सरकत होते. वेळ कमी आहे म्हणून मी आईला म्हटलं, त्या पलीकडच्या दोन धारांपाशी कोणी नाही, तू तिकडे जा. ती गेली. तिने डोकं खाली केलं तेवढ्यात रांगेतल्या एका वयस्कर बालिनीज बाईने घाईघाईने पाणी तुडवत येऊन तिचं मनगट धरलं आणि तिला मागे ओढलं. त्या काहीतरी परत परत सांगत होत्या, चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. आईला काही कळेना. त्यांनी तिला हाताला धरून रांगेत आपल्या पुढे उभं केलं, पहिल्या धारेपासून हात कसे जोडायचे ते करून दाखवलं. तीन धारा झाल्या आणि निघायची वेळ झाली.

त्या दोन धारा मृतांच्या विधींसाठी आहेत. जिवंत माणसं त्या सोडून पुढे जातात. हेही आम्हाला हॉटेलमधल्या त्याच मुलीने सांगितलं, आणि आई समोरच होती. तिला वर्षभरापूर्वीचं सगळं आठवलं असणार. त्या रात्री ती जेवली नाही. पुढचे दोन दिवस ती काही बोलली नाही, फक्त मला एकदा म्हणाली, "आपण विचारून जायला हवं होतं रे." चूक माझी होती, मी तिला तिकडे पाठवलं. पण विचारायचं कोणाला? "या दोन सोडा" हे एक वाक्य सांगण्यासाठीच गाईड असतो, आणि त्याच वाक्याचे पैसे आपण आमच्याकडून घेतले होते.

आणखी एक गोष्ट. १९ नोव्हेंबरला गालुंगान झाला होता, बालीचा हा मोठा सण २१० दिवसांनी येतो. त्यामुळे सगळ्या रस्त्यांवर घराघरांपुढे पेंजोर उभे होते, टोकाला वाकलेले उंच बांबू, झावळीच्या नक्षीने सजवलेले. मुलं गाडीतून ओरडली, "आजी, गुढ्या!" त्या बेटावर तेव्हा शके १९४७ चालू होतं, आपल्या पंचांगात होतं तेच, हे कोणी त्या वेळी सांगितलं असतं तर मुलांनी जन्मभर लक्षात ठेवलं असतं. आम्ही त्या रस्त्यांवरून दहा तास फिरलो आणि प्रत्येक दुकानात फक्त किमती ऐकल्या.

आपल्या ग्राहक सेवा केंद्राने २७ नोव्हेंबरच्या ईमेलमध्ये "कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राखीव आहे" ही अट दाखवली आहे. ती अट मी वाचून सही केली होती. पाऊस, दरड, बंद रस्ता, देवळातला सोहळा अशा कारणांसाठी ती असावी, असं मी समजतो. त्या दिवशी पाऊस नव्हता, रस्ते उघडे होते, तिन्ही ठिकाणं उघडी होती. माझ्या हिशोबाने देवळांना मिळाली ५५ मिनिटं आणि दुकानांना २ तास ५० मिनिटं. हा बदल दुकानांसाठी केला होता. दुकानांत थांबल्याने सहल स्वस्त होते, असंही आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं. तसं असेल तर ते बुकिंगच्या वेळी लिहून द्यायला हवं होतं. आम्ही जास्त पैसे भरून दुकानं टाळली असती.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. त्या दिवसाचे २६,००० रुपये पूर्ण परत द्यावेत, आणि आम्ही काढलेल्या तिकिटांची रक्कमही. यापुढे बालीच्या कार्यक्रमपत्रिकेत दुकानांचे थांबे असतील तर ते नावानिशी आणि वेळेसकट छापावेत, आणि नको असल्यास वगळायची सोय ठेवावी. तिर्ता एम्पुलच्या स्नानाचं आश्वासन द्यायचं असेल, तर क्रम समजावणारा माणूस सोबत दिल्याशिवाय ते देऊ नये. ही शेवटची मागणी मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडून पुढच्या महिन्यातही कोणाची तरी आई तिथे जाणार आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवेन, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही मुद्द्यांवर दाद मागेन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, त्यामुळे मला त्यासाठी कुठे लांब जावं लागणार नाही.

सोबत आपलं बिल, छापील कार्यक्रमपत्रिका, तिकिटांच्या पावत्या, प्रत्येक थांब्यावरचे वेळ दिसणारे फोटो आणि २७ नोव्हेंबरच्या ईमेलची प्रत जोडली आहे. बुकिंग क्रमांक बिलावर आहे. याबाबत फोन करायचा असल्यास कृपया माझ्याच नंबरवर करावा, आईच्या नंबरवर करू नये.

आपला,
(सही)