पिक्चर गे मुलाचा, गोष्ट मात्र त्याच्या वडिलांची

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हल्ली सिनेमात, वेबसिरीजमध्ये गे पात्रं बरीच दिसायला लागलीत आणि तेवढ्यावरच सगळे खूश आहेत, पण पात्र दिसलं म्हणजे झालं का, त्याच्या वाट्याला गोष्टीत येतं काय ते पण बघायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र.

आधी कितीतरी वर्षं हे पात्र फक्त हसण्यापुरतं होतं. लचकत चालणारा, हातवारे करणारा, दोन सीन आणि गायब. नाहीतर हिरोलाच कोणीतरी चुकून तसं समजणार आणि थिएटर हसणार. 2008 च्या दोस्तानामध्ये दोन हिरो फ्लॅट भाड्याने मिळावा म्हणून गे असल्याचं नाटक करतात. आता गे लोकांवर जोकच करू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण सगळं थिएटर खदाखदा हसत असताना त्यातच मित्रांच्या मधे बसलेला एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असतो, तोही हसतो कारण हसला नाही तर कोणाला कळेल, आणि आपल्याबद्दल कधीच कोणाला काही सांगायचं नाही हे तो तिथेच ठरवून टाकतो, त्याचा विचार कोण करतं?

हसणं नाही तर मग मरण. हॉलिवूडमध्ये 1934 पासून जी नियमावली कडकपणे लागू झाली तिच्यात समलैंगिकता दाखवायलाच काय, नुसती सुचवायलाही बंदी होती, त्यामुळे अशी पात्रं आडून आडून यायची, बऱ्याचदा व्हिलन म्हणून. 1961 ला नियम थोडा सैल झाला, त्याच वर्षीच्या द चिल्ड्रन्स आवरमध्ये एक शिक्षिका मैत्रिणीवरचं प्रेम कबूल करते आणि लगेच गळफास घेते. 1968 ला ती नियमावली गेली, सवय काही गेली नाही. 2005 चा ब्रोकबॅक माउंटन इतका सुंदर सिनेमा, पण तिथेही प्रेमात पडलेल्या दोन पुरुषांतला एक मरतोच.

आणि आताचे समजूतदार सिनेमे. सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाचा कलम 377 चा, म्हणजे समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही असा निकाल आला त्यानंतर आपल्याकडे हे वाढले आणि ते चांगलंच झालं, त्यांच्यामुळे कितीतरी घरांत हा विषय पहिल्यांदा निघाला असेल. पण नीट बघितलं तर यांतल्या बऱ्याच सिनेमांत बदलतो कोण, रडतो कोण, शेवटी टाळ्या कोणाला? आईवडिलांना! 2020 च्या शुभ मंगल ज्यादा सावधानमध्येसुद्धा सगळं येऊन अडतं ते वडील मानतात की नाही यावर. त्या मुलाला स्वतःला काय पाहिजे, तो आणि त्याचा पार्टनर एकमेकांशी बोलतात काय, भांडतात कशावरून, याला वेळच उरत नाही.

म्हणूनच रोहन परशुराम कानवडे यांचा साबर बोंडं मला इतका महत्त्वाचा वाटतो. 2025 ला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलमध्ये परदेशी कथापटांच्या विभागात ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं म्हणून नाही (अर्थात मराठी सिनेमाला ते मिळालं याचा अभिमान आहेच), तर त्यातल्या आनंदच्या आईला सगळं आधीपासूनच माहीत असतं म्हणून. वडील गेल्यावर तो गावी येतो, लहानपणीचा मित्र बाल्या भेटतो, आणि आईला सांगण्या-पटवण्यात सिनेमा संपत नाही त्यामुळे दोघांना नुसतं एकत्र बसायला, फिरायला, गप्प राहायला जागा मिळते. एवढा एक निर्णय लेखकाने घेतला की अख्खी गोष्ट पोराची होते.

तुमच्या पेपरात सिनेमाची परीक्षणं मी नेहमी वाचतो. विनंती एवढीच की अशा सिनेमाबद्दल 'नाजूक विषय संयमाने हाताळलाय' आणि अमुक नटाने केवढं धाडस केलं एवढ्यावर परीक्षण संपवू नका. त्या पात्राला कामधंदा आहे का, मित्र आहेत का, शेवटी ते जिवंत राहतं का, आणि घरच्यांनी नाही स्वीकारलं तरी त्याचं पुढे काय होतं, हेही समीक्षकांनी विचारावं.

आपला,
एक नियमित वाचक