प्लेअर गेला असे ठरवण्यापूर्वी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मेमरी कार्डावरून गाणी वाजवणारे लहान प्लेअर आज खानदेशातील अनेक घरांत वापरात आहेत. ज्यांना मोबाइलचा पडदा झेपत नाही अशा वृद्धांच्या उशाशी ते असतात, तसेच रात्रीच्या विजेवर केळीला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशातही असतात. संगणकावरून गाणी भरली पण प्लेअरमध्ये ती दिसत नाहीत, मध्येच तुटतात, किंवा प्लेअर जोडला तरी संगणकाला तो सापडतच नाही, अशी तक्रार घेऊन माणसे दुकानात जातात आणि ‘हा गेला, नवा घ्या’ एवढे ऐकून परत येतात. माझा अनुभव असा, की प्लेअर सहसा गेलेला नसतो; दोष वायरीत, कार्डाच्या फॉरमॅटमध्ये (म्हणजे कार्डावर फाइली ठेवण्याच्या मांडणीत) किंवा फाइलच्या प्रकारात असतो आणि तो घरच्या घरी दूर करता येतो. हे मला आधी कळले असते तर आमच्या घरातील एक मोठे नुकसान टळले असते, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

माझी आई ८१ वर्षांची आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हणायची गौराईची गाणी, कानबाई देवीच्या रात्रीची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या तिच्या व तिच्या बहिणींच्या आवाजात आम्ही नव्वदच्या दशकात कॅसेटवर टिपून घेतल्या होत्या. पुढे त्या संगणकावर उतरवल्या आणि एमपी३ करून एका कार्डावर ठेवल्या. कॅसेटच्या फिती नंतर बुरशी धरून चिकटल्या, घरचा संगणकही बदलला, आणि ते कार्ड हीच एकमेव प्रत उरली. दुसरी प्रत न ठेवणे ही आमची चूक होती. यंदा आखाजीच्या तोंडावर आईसाठी नवा प्लेअर घेतला, तेव्हा जुन्या कार्डातील गाणी नव्या कार्डावर भरून देण्याचे दुकानदाराने मोठ्या आपुलकीने कबूल केले. दोन्ही कार्डे संगणकाला एकदम लावून त्याने फाइली ‘कॉपी’ करण्याऐवजी ‘कट’ केल्या आणि काम पुरते संपले की नाही हे न पाहताच नवे कार्ड ओढून काढले. घरी येऊन पाहतो तर ६३ फाइलींपैकी १९ फाइलींचा आकार शून्य बाइट, आणि जुन्या कार्डात तर एकही फाइल नाही. परत गेलो तेव्हा प्लेअरच सदोष असल्याचे मला सांगण्यात आले.

सुदैवाने पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने फोनवरच बजावले, की जुन्या कार्डावर आता एक अक्षरही लिहू नका. कट किंवा डिलीट केलेल्या फाइलीतील माहिती कार्डावरून लगेच पुसली जात नाही. ती जागा मोकळी झाली अशी नोंद तेवढी होते, आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ आवाज तिथेच पडून असतो. ‘फोटोरेक’ नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. नावावरून तो केवळ छायाचित्रांसाठी असावा असे वाटते, परंतु तो ध्वनिफितींच्या फाइलीही शोधून काढतो. त्याने १९ पैकी १७ फाइली परत मिळाल्या. मात्र हा प्रोग्रॅम फाइलींची जुनी नावे परत आणत नाही, प्रत्येकीला एफ हे अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा एवढेच नाव देतो. त्यामुळे दोन रात्री आईला शेजारी बसवून एकेक फाइल वाजवली. ती पहिल्या ओळीलाच हात वर करून थांबवायची आणि कोणाचा आवाज ते सांगायची. एका ओवीला तिने नुसता श्वास ऐकून, शब्द सुरू होण्याआधीच, ‘हाऊ ते मनी बहीनना आवाज शे’ असे म्हटले. ती मावशी आता हयात नाही. उरलेल्या दोन फाइली मिळाल्या नाहीत.

या निमित्ताने जे तपासले आणि पडताळून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो. संगणकाला प्लेअर दिसत नसेल तर प्रथम वायर बदलावी, असे मी आता सर्वांना सांगतो. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्त चार्जिंग वायरीत माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात, म्हणून प्लेअर चार्ज होताना दिसतो, दिवा लागतो, पण संगणकाला त्याची दादही नसते. बाहेरून दोन्ही वायरी सारख्याच दिसतात. ज्या वायरीने मोबाइलमधील फोटो संगणकावर उतरतात, तीच वायर प्लेअरला लावून पाहिली की उलगडा होतो. संगणकाच्या पेटीच्या पुढच्या बाजूची खाच सैल झालेली असते, तेव्हा मागची वापरावी. काही प्लेअर जोडल्यावर ‘चार्जिंग की डेटा’ असे पडद्यावर विचारतात आणि आपण ते न वाचताच पुढे जातो. प्लेअरमध्ये सुटे कार्ड असेल तर ही सारी यातायात टाळून कार्ड काढावे आणि कार्ड रीडरमधून थेट संगणकाला लावावे, यासारखा सोपा मार्ग नाही.

कार्ड संगणकावर व्यवस्थित दिसते, त्यात गाणीही दिसतात, परंतु प्लेअर ‘कार्ड नाही’ किंवा ‘एरर’ म्हणतो, असे झाल्यास कार्डाचा फॉरमॅट पाहावा. बहुतेक साधे प्लेअर ‘फॅट ३२’ हीच मांडणी वाचतात. ३२ जीबीपर्यंतची कार्डे सहसा याच मांडणीत येतात, मात्र ६४ जीबी आणि त्याहून मोठी कार्डे ‘एक्सफॅट’मध्ये येतात आणि साध्या प्लेअरला ती वाचता येत नाहीत. संगणकावर कार्डाच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की फाइल सिस्टीमपुढे हे नाव लिहिलेले दिसते. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या चौकटीत ३२ जीबीहून मोठ्या कार्डासाठी फॅट ३२ हा पर्याय मिळत नाही, म्हणून वृद्धांच्या प्लेअरसाठी १६ किंवा ३२ जीबीचेच कार्ड घेणे शहाणपणाचे. तेही पुष्कळ मोठे असते. एमपी३ फाइल १२८ केबीपीएस या दर्जाची असेल तर एका मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. म्हणजे ६० मिनिटांची एक कॅसेट ६० एमबीच्या आत बसते आणि १६ जीबीच्या कार्डावर अशा दोनशेहून अधिक कॅसेट मावतात. फॉरमॅट केल्याने कार्डावरील सर्व काही जाते, ही गोष्ट मात्र कोणीही विसरू नये.

सर्वाधिक गोंधळ फाइलच्या प्रकाराचा आहे. हल्ली घरातील मुले आजीचे गाणे मोबाइलवर रेकॉर्ड करतात. ती फाइल बहुधा एम४ए प्रकारची असते, व्हॉट्सॲपवरून आलेला आवाज ओपस प्रकारचा असतो, आणि जुन्या मोबाइलवर घेतलेला आवाज एएमआर असतो. स्वस्त प्लेअरला यांतले काहीही वाजवता येईल याची शाश्वती नसते. एमपी३ मात्र सगळ्यांना कळते. यावर अनेक जण फाइलीच्या नावातील शेवटची अक्षरे पुसून तिथे एमपी३ लिहितात. हे म्हणजे ज्वारीच्या पोत्यावर गव्हाची चिठ्ठी लावण्यासारखे आहे, आत ज्वारी ती ज्वारीच राहते. फाइलीचे रूपांतरच करावे लागते, आणि त्यासाठी व्हीएलसी किंवा ऑडॅसिटी हे दोन्ही मोफत प्रोग्रॅम पुरेसे आहेत. ऑडॅसिटीत फाइल उघडून (एम४ए फाइल उघडण्यासाठी तिला ‘एफएफएमपेग’ हा मोफत पूरक प्रोग्रॅम जोडावा लागतो) एमपी३ म्हणून एक्स्पोर्ट करावी, सँपल रेट ४४१०० ठेवावा, दर्जा १२८ केबीपीएस ठेवावा; इतक्याने साध्या प्लेअरवरही गाणे हमखास वाजते असे मला आढळले. कॅसेट उतरवताना मात्र पहिली फाइल वेव्ह प्रकारची ठेवावी आणि ती जपावी. तिला मिनिटाला सुमारे दहा एमबी लागतात, परंतु एमपी३ करताना आवाजातील काही भाग कायमचा टाकला जातो आणि तो नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही. प्लेअरसाठी एमपी३ आणि संग्रहासाठी वेव्ह, असे दोन वेगळे संच ठेवावेत.

गाणी वाजतात पण क्रम चुकतो, ही तक्रार किरकोळ वाटेल. ज्याला ओव्या ठरलेल्या ओळीने ऐकायच्या असतात त्याला ती किरकोळ नसते. पुष्कळसे साधे प्लेअर नावाचा क्रम पाहतच नाहीत, ज्या क्रमाने फाइली कार्डावर भरल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून फाइलींना ००१, ००२ असे आकडे देऊन त्याच ओळीने एकेक भराव्यात. नुसते १, २, ३ असे आकडे दिल्यास काही प्लेअर १ नंतर १० घेतात. पडद्यावर नावाऐवजी चौकटी किंवा प्रश्नचिन्हे येत असतील तर फाइल खराब नाही, त्या प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत इतकाच त्याचा अर्थ. नाव बदलूनही पडद्यावर जुनेच नाव येत असेल तर ते फाइलीच्या आतील टॅगमधून, म्हणजे गाण्याच्या नावाच्या नोंदीतून, येते, आणि तो टॅग ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’मध्ये किंवा एमपी३टॅग या मोफत प्रोग्रॅमने बदलता येतो.

सायबर कॅफेतून गाणी भरून आणल्यावर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसले तर तो व्हायरसचा उपद्रव असतो. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये आणि घाबरून कार्ड फॉरमॅटही करू नये. मूळ फोल्डर तिथेच लपवलेले असतात आणि स्वच्छ संगणकावर लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय सुरू केला आणि सिस्टीमच्या संरक्षित फाइली लपवण्याचा पर्याय बंद केला की पुन्हा दिसतात. बाजारात ६४ जीबीचा छाप मारलेली पण आत जेमतेम ८ जीबीची अशी बनावट कार्डेही मिळतात. त्यांत सुरुवातीची गाणी ठीक वाजतात आणि नंतर भरलेली सारी बिघडतात, म्हणून दोष प्लेअरवर येतो. एच२टेस्टडब्ल्यू हा लहानसा प्रोग्रॅम नवे कार्ड पूर्ण भरून आणि पुन्हा वाचून त्याची खरी जागा सांगतो. कार्ड घेतल्याच्या दिवशीच, ते रिकामे असताना, ही परीक्षा घ्यावी. घरात जुना आयपॉड असेल तर त्याची गोष्ट निराळी आहे. त्यावर नुसत्या ओढून टाकलेल्या फाइली वाजत नाहीत, कारण तो स्वतःच्या सूचीतील गाणीच ओळखतो आणि ती सूची सहसा आयट्यून्स किंवा त्याची जागा घेतलेल्या ॲपल कंपनीच्या प्रोग्रॅममधून तयार होते.

आपल्या वृत्तपत्राद्वारे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील मोबाइल दुकानदार बंधूंना माझी कळकळीची विनंती आहे. गिऱ्हाइकाच्या कार्डावरील फाइली कधीही ‘कट’ करू नका, ‘कॉपी’च करा. दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवून पाहा. ‘इजेक्ट’ केल्याशिवाय कार्ड ओढू नका. चित्रपटगीते पुन्हा कुठेही मिळतात, परंतु एखाद्या म्हातारीच्या कार्डात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसते. प्लेअर विकताना माहितीच्या तारा असलेली वायर द्या, आणि तो कोणत्या प्रकारच्या फाइली वाजवतो व किती जीबीपर्यंतचे कार्ड घेतो या दोन गोष्टी मराठीत लिहिलेली चिठ्ठी डब्यात टाका. आपल्या वृत्तपत्रानेही आठवड्यातून एकदा अशा घरगुती उपकरणांच्या अडचणींना चार ओळींची जागा द्यावी, अशी सूचना करतो.

ज्यांच्या घरी अहिराणी गाण्यांच्या किंवा ओव्यांच्या कॅसेट अजून चालू स्थितीत आहेत, त्यांनी श्रावणात कानबाई बसण्याआधी त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि एक प्रत दुसऱ्या घरी, लेकीकडे किंवा भावाकडे, ठेवावी. आमच्या ६१ फाइलींची एक प्रत आता चोपड्याला मामेभावाकडे आहे आणि एक पुण्यात भाच्याकडे आहे. न मिळालेल्या दोन गाण्यांपैकी एक आईला पूर्ण पाठ असल्याने ते तिच्याकडून नव्याने म्हणवून घेतले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव