डॉक्टर मॅडम, निर्माल्याच्या ढिगापाशी थांबलात म्हणून

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

श्रावणात आमच्या पंचवटीतल्या महादेवाच्या देवळातून रोज पाट्या भरून निर्माल्य निघतं. ते गोदावरीत जाऊ नये म्हणून आम्ही बायका देवळामागे त्याचं खत करतो. शेजारच्या गोठ्यात तुम्ही लसीकरणाला आला होतात. काम आटोपून निघालात, पण आमचा ढीग पाहून आपणहून थांबलात. त्याबद्दल चारचौघांत आभार मानायचे होते.

महादेवाला धोतरा, कण्हेर, बिट्टीची फुलं. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ. देवाला वाहिलेलं गाईच्या मुखी गेलं तर पुण्यच, असं मानून कितीतरी माणसं निर्माल्य घाटावरच्या गाईंपुढे ठेवतात. तुम्ही कुणाच्या श्रद्धेला धक्का लावला नाहीत. परडीतला बेल बाजूला काढलात, कण्हेरीची डहाळी हातात घेतलीत आणि समजावलंत: झाडावरची कण्हेर कडू, म्हणून जनावर सहसा तिला तोंड लावत नाही. तोडलेली सुकली की कडूपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं. कण्हेर, बिट्टी, रुई यांचं विष थेट हृदयावर जातं. जनावर लाळ गाळतं, हगवण लागते, नाडी बिघडते, आणि कधीकधी काही कळायच्या आत ते कोसळतं. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरला बोलवा, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

मग हे जाळून टाकायचं का, असं आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं. धूरही घातक, म्हणालात. खत करा, पण नीट करा. शेण, सुका पाला आणि निर्माल्य यांचे थर द्या, ओल राखा, ढीग वरखाली करत राहा. आतली उष्णता ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढली, नंतर ढीग पुरता कुजला, की ही विषं मोडतात. धोतऱ्याची काटेरी बोंडं आणि बिट्टीच्या बिया आधीच वेचून काढायच्या. पान ओळखू येतंय तोवर ते खत नव्हे, आणि तोवर ढिगाला चारी बाजूंनी जाळी हवीच. जाळीचा हा आग्रह मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण मोकाट गाई-शेळ्यांना आपण सांगू शकत नाही.

आता देवळात दोन पाट्या ठेवल्या आहेत. बेल-दूर्वा एकीकडे, धोतरा, कण्हेर, बिट्टी, रुई दुसरीकडे. गाईला द्यायचं असेल तर चारा द्या, असं पुजारीकाका स्वतः सांगतात. चाळलेलं खत आम्ही देवळाच्या फुलझाडांनाच घालतो, चाऱ्याच्या वाफ्यात नाही.

पुढच्या श्रावणाआधी त्र्यंबक रस्त्यावरच्या देवळांतही हे सांगायला जायचं ठरवलंय. तुम्ही एक दिवस सोबत आलात, तर तुमचं म्हणणं लोक अधिक मनावर घेतील. याल ना?

आपली,
निर्माल्याचं खत करणारी पंचवटीतली एक सेवेकरी